कोऱ्या फळ्यांची मिरवणूक

ज्या जावयानं वीस-बावीस वर्षांत मला दिवाळीलासुद्धा कधी फोन केला नाही, त्यानं पौषातल्या एका सकाळी फोन करून "मावशी, गुडघे कसे हायेत?" असं विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की ह्याला काहीतरी हवंय.

"गुडघे दोन आहेत आणि जागच्या जागी आहेत," मी म्हटलं. "तुम्ही कामाचं बोला."

काम असं होतं. माझी भाची मनीषा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी (बहीण आता नाही), गेवराई तालुक्यातल्या तिच्या सासरगावी सरपंच म्हणून निवडून आली होती. जागा बायकांसाठी राखीव. निकालाच्या दिवशी गुलाल उडून झाला होता, पण खरी मिरवणूक सोमवारी, पदभार घ्यायच्या दिवशी निघणार होती. त्या मिरवणुकीच्या फ्लेक्ससाठी जावयाला, म्हणजे दत्तारावांना, माझं चित्र हवं होतं.

"कुठलं चित्र?"

"ते वो, लग्नात दिलतं तुमी. घोड्याची मिरवणूक. काळं-पांढरं."

मला हसू आलं आणि संशयही आला. त्या चित्राला त्या घरात कुणी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

त्या चित्राची कुळकथा सांगायला हवी, नाहीतर पुढची मिरवणूक कळायची नाही. मी कला महाविद्यालयात होते तेव्हा केसांत पेन्सिल खोचून हिंडायचे, कारण कलावंत बायका असंच करतात अशी माझी समजूत होती. एकदा पेन्सिल घरंगळून वाचनालयाच्या कपाटाखाली गेली, ती काढायला मी वाकले, आणि खालच्या फळीवर एक जाडजूड पुस्तक सापडलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन बादशहाची विजययात्रा, लाकडी ठशांनी छापलेली. ढोल, तुताऱ्या, भालेकरी, साखळदंडातले कैदी, जिंकलेल्या लढायांची चित्रं उंच धरून चाललेले सैनिक. पानं उलटता उलटता दुपार गेली. मी घोड्यांच्या पुठ्ठ्यांवर भाळले आणि त्याला 'सत्तेचा अभ्यास' असं नाव दिलं. निबंध लिहिला. त्यात 'सत्ता' हा शब्द इतक्यांदा आला की आमचे सर म्हणाले, "बाई, मधेमधे एखादा स्वल्पविराम तरी येऊ द्या."

पुढे कळलं की ही मिरवणूक कधी निघालीच नव्हती. बादशहाच्या तिजोरीत खडखडाट. दगडी कमान बांधणं परवडेना म्हणून त्यानं कमानही कागदावरच छापून घेतली. नाशपातीच्या लाकडावर कोरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हात झिजवले, आणि ठसे पुरे होण्याआधी बादशहा गेला. म्हणून कितीतरी चित्रांत स्वारांनी धरलेल्या फळ्या कोऱ्याच राहिल्यात. मजकूर कोरायचा राहून गेला. हे कळल्यावर माझ्यातली ती पेन्सिलवाली मुलगी फार दुखावली. मी मात्र तेव्हापासून कुठलीही मिरवणूक बघितली की आधी विचारते, ही खरंच निघाली होती का?

त्या पुस्तकावरून मी लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्यावर, कोरून एक छाप काढली. पुढे एक घोडेस्वार, हातात उंच कोरी फळी. आणि त्याच्यामागे एकदम यात्रेची शेपटी. म्हणजे सैन्यामागून चालणाऱ्या बायका, पोरं, कुत्री, गाठोडी, टोपल्यांतल्या कोंबड्या. मधले सरदार मी गाळले. "मी सामान्यांच्या बाजूची आहे" असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण म्हणजे चिलखतं कोरायला फार अवघड होती. शेवटच्या बाईच्या पायाशी माझं कोरणं सटकलं आणि एक पांढरी रेघ तिच्या टाचेपासून सरळ चौकटीबाहेर गेली. लिनोवर खोडरबर चालत नाही. सर म्हणाले, "राहू द्या. आता ती रेघ तुमची."

मनीषाच्या लग्नात लोकांनी कुकर दिले, पातेली दिली, आणि मी चौकटीत बसवून ही छाप दिली. तेव्हा मी पन्नाशीला आले होते, तरी अक्कल आली नव्हती. तिच्या सासूनं ती तसबीर उलटसुलट बघितली आणि स्वयंपाकघरात, चुलीसमोर टांगली. दिवाणखान्यात काळं चित्र अशुभ.

आणि आता जावयाला तेच हवं होतं. नातीनं बजावलं, "आजी, थंडी आहे, जाऊ नकोस." मी स्वेटर आणि संशय दोन्ही घेऊन निघाले.

गेवराई, शनिवार

नाशकाहून संभाजीनगर, तिथून गेवराई. एसटीचं वर्णन करत नाही. बसलेले पुष्कळ वाचक असतील. शहागडच्या पुलावर मात्र मी खिडकीला नाक लावलं. आमच्या नाशकात गोदावरी कुंडात बसते, लोक तिच्यात पाय बुडवतात, नाणी टाकतात. इथे ती पसरलेली, संथ, मधेच वाळूची बेटं. रस्त्याच्या कडेला वाळूचे ढीग होते. "हे कुणाचे?" मी शेजारच्या धोतरवाल्या बाबांना विचारलं. तोवर ते माझ्याशी सुना, साखर, कांदा अशा सगळ्या विषयांवर बोलत होते. ढिगाचं नाव काढताच त्यांना एकदम झोप लागली.

गेवराईच्या थांब्यावर दत्ताराव हार घेऊन उभे. मला! मी हार हातातच घेतला. गळ्यात घातला असता तर मागे फिरता आलं नसतं. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, आणि घसा पार बसलेला. प्रचारात दारोदार बोलून आवाज गेला होता बिचाऱ्याचा. माणूस वाईट नाही हे लिहून ठेवते, कारण पुढे त्याचं हसू होणार आहे.

"मावशी, आदी फ्लेक्सवाल्याकडं जाऊ. तुमी डोळ्याखालनं घाला, मंग छापाया टाकतो."

बाजारात शिरताना डोक्यावरून कमान गेली, बांबूवर ताणलेल्या फ्लेक्सची. तिच्यावर दगडी खांब, हत्ती, कळस, सगळं छापलेलं. मी थांबून बघत राहिले. बादशहाला ही कमान बघून रडू आलं असतं. आमच्याकडे दर वाढदिवसाला नवी होते.

फ्लेक्सच्या दुकानात पडद्यावर माझी छाप पसरली होती. मोबाइलवर फोटो काढून मोठी केलेली, आणि वर केशरी रंग चढवलेला. माझ्या घोडेस्वाराच्या धडावर दत्तारावांचं डोकं बसवलं होतं. कोरी फळी कोरी राहिली नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, 'गावाचा आधारवड, दत्ताभाऊ'. मागची बायापोरं कापून टाकली होती.

"शेपटी कुठे गेली?"

"ती गर्दी व्हती मावशी. कोंबड्या अन् काय काय. फ्लेक्सवर बरं दिसत न्हाई."

"आणि सरपंच?"

डिझाइन करणाऱ्या माणसानं बाण खाली सरकवला. कोपऱ्यात एका गोलात मनीषा होती, हात जोडलेली. मी चष्मा पुसला आणि परत बघितलं. माझ्या भाचीची नथ उजव्या नाकपुडीत होती.

आता हे इतरांना दिसणार नाही, पण जिनं आयुष्यभर ठसे कोरले तिला उलटं लगेच दिसतं. ठशात डावं ते उजवं होतं; जुन्या छापील चित्रांत कितीतरी शूर सेनापती असे नकळत डावखुरे होऊन बसलेत. "हा फोटो उलटा केलाय," मी म्हटलं.

"केलाय की," तो माणूस म्हणाला. "ताई मूळ फोटोत भायेरच्या बाजूला बघत व्हत्या. फ्लेक्सवर समद्यांनी साहेबाकडं बघायला पायजे. भायेर बघितलं की भांडण झाल्यावानी वाटतं."

दत्ताराव हसले. मी नाही हसले. मी तिथे बसून अर्धा तास वाद घातला आणि दोन गोष्टी मिळवल्या: नथ जागेवर आली, आणि गोल वाटीएवढा होता तो ताटाएवढा झाला. बाहेर पडताना मला फार मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. पेन्सिलवाली मुलगी अजून मेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चकलांब्याच्या पुढे

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जावयाला वाचता येतं. चकलांबा मागे पडलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना ज्वारी, मधे तूर, आणि उघडंबोडकं आभाळ. एका वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला आणि जीप थांबली.

मेंढरं सरली आणि मागून बिऱ्हाड आलं. तट्टाच्या पाठीवर उलटी खाट, खाटेच्या पायांना बांधलेल्या कोंबड्या, पातेली, एक कोकरू, आणि सगळ्यात मागे डोक्यावर टोपलं घेतलेली बाई. मी जीपमधून उतरलेच. माझ्या छापीतली शेपटी, कापून टाकलेली, जिवंत होऊन रस्त्यानं चालली होती.

"बाई, जरा थांबता? चित्र काढते."

"कशाला?" तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कावून काढायचं? आमचं बिऱ्हाड मोजाया आलाव काय?"

"नाही हो. मी चित्रकलेची म्हातारी मास्तरीण."

"मास्तरणी मोजायाच येत्यात." ती थांबली नाही, पण जरा हळू झाली. मी घाईघाईनं चार रेघा ओढल्या. तिनं वाकून बघितलं. "ही कोंबडी व्हय? ही तर घूस झाली." आणि हसत निघून गेली. संशय घेण्यात माझ्या तोडीचं माणूस मला ह्या जिल्ह्यात पहिल्यांदाच भेटलं.

जीपमध्ये दत्ताराव हॉर्न वाजवत होते. "मावशी, त्या मागच्या लोकांत काय बघताव? म्होरं बघा."

जावयाचं गाव, रविवार

आमच्याकडे पाहुण्याला मिसळ देतात आणि तिखट लागलं की हसतात. इथे येसराची आमटी देतात आणि तिखट लागलं तरी तूप वाढून गप्प बसवतात. भाकरी माझ्या ताटात पडायची थांबत नव्हती. जावई स्वतः वाढत होता. जावयानं मावससासूला वाढणं हे मी ह्या जन्मात बघितलं नव्हतं. मी प्रत्येक घासाला विचार करत होते की ह्याच्या बदल्यात काय मागणार.

दुपारी शेतात हुरडा होता. गोवऱ्यांच्या आगीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम गरम तोंडात टाकायची. मी तळहात पोळून घेतले आणि खोटंच सांगितलं की पोळले नाहीत. दत्तारावांभोवती दहा-बारा माणसं बसली होती. कुणाची बायको सदस्य, कुणाची भावजय. निवडून आलेल्या बायका शेकोटीच्या पलीकडे कणसं सोलत होत्या; निवडून आल्याचा आनंद अलीकडे चालला होता.

"उद्या कसं हाय मावशी," दत्ताराव घोगऱ्या आवाजात सांगायला लागले, "दहाला मिरवणूक निघंल. मी घोड्यावर. म्होरं डीजे. मागं बाया कळश्या घेऊन. अकराला ग्रामपंचायतीत पोचायचं. मी खुर्चीवर बसणार, हारतुरे, फोटू. मंग ग्रामसेवक सभा चालू करनार."

"खुर्चीवर तुम्ही?"

"मंग?"

"निवडून कोण आलंय?"

"आमीच की," ते खरोखर गोंधळून म्हणाले. त्यांना ह्यात काही खोट वाटतच नव्हती. "हे काय, समद्यांना ठाव हाय. सही लागती तवा तिची घिऊच ना."

सगळे हसले. मी पलीकडे मनीषाकडे बघितलं. तीही हसत होती! कणीस चोळत, मान खाली घालून. माझं डोकं फिरलं.

ही तीच मुलगी, जी दहावीत असताना माझ्याकडे सुट्टीला आली होती आणि वाण्याशी वजनावरून भांडून आली होती. सासूच्या आजारपणात घर, शेत, गोठा तिनं एकटीनं ओढला. गावात पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीला आधी जातो आणि का, हे तिला तोंडपाठ. मागच्या उन्हाळ्यात वरच्या आळीच्या बायकांना घेऊन हंड्यांसकट रस्त्यात बसली होती. तिथून तर तिचं नाव पुढे आलं. ती उद्या त्या खुर्चीवर बसली नाही तर पुढची पाच वर्षं ती खुर्ची तिला पुसायलाच मिळणार, हे मला दिसत होतं, आणि ती मात्र हुरडा चोळत होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिला गाठलं. माझी छाप अजून तिथेच, चुलीसमोर, धुरानं तपकिरी झालेली.

"तू गप्प का गं? घाबरतेस त्याला?"

"मावशी, भाकर गरम हाय तवर खावा."

"मी फ्लेक्सवर तुझा फोटो मोठा करून घेतला."

"कशाला ओ?" ती थापता थापता थांबली. "मी बारीकच बरी व्हते. मोठा फोटू आसला की लोक बघत्यात, कुठं गेली म्हनून."

मला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मला वाटलं, पोर हरली. किंवा त्याला सामील आहे. मग तिनं विचारलं, "घोडा गेवराईच्या बँडवाल्याचा सांगितलाय. तुमाला भ्या न्हाई ना वाटत घोड्याचं?"

"घोडा सांगायची कल्पना कुणाची?"

"माझीच. त्यांना हौस." भाकरी उलटली. "आन मावशी, उद्या मारुतीच्या पारापाशी मिरवणूक थांबंल. तवा त्या बादशहाची गोष्ट सांगा समद्यांना. फ्लेक्सवर चित्र हाय, लोक इचारतीलच."

"मी सांगायला लागले की लांबतं, असं सगळे म्हणतात."

"म्हनूनच," ती म्हणाली.

मी खुललेच. संशयी बाईला फसवायचं असेल तर तिची स्तुती करावी, हे त्या मुलीला कुणी शिकवलं असेल? मीच, सुट्टीत.

सोमवार

घोडा आला. पांढरा, झूल घातलेला, कपाळावर आरसे. आयुष्यभर ह्या पंचक्रोशीतल्या लग्नांच्या वराती केलेला घोडा. दत्ताराव फेटा बांधून त्यावर चढले. फ्लेक्स ट्रॉलीवर उभा केला होता. त्यावरचे दत्ताराव आणि घोड्यावरचे दत्ताराव दोघेही एकाच वेळी हात वर करत होते. डीजेनं पहिला ठोका दिला आणि माझ्या छातीतली फासळीन्‌फासळी हलली. सदस्यांचे नवरे सगळे पुढे, गुलालात लाल. बायका सगळ्यात मागे, डोक्यावर कळश्या. मनीषा त्यांच्यात, हिरव्या लुगड्यात, पदर डोक्यावर.

मी ठरवून मधे चालले, म्हणजे पुढचंही दिसेल आणि मागचंही. दिसलं फक्त पुढचं. म्हाताऱ्या माणसाला आवाज जिकडे असेल तिकडेच बघायची सवय असते, आणि तरुणांनाही असते.

ग्रामपंचायतीकडे डावीकडे वळायचं होतं. घोडा उजवीकडे वळला.

"अरे, हिकडं! हिकडं बे!" लगाम धरणारा ओढत होता. पण घोड्याला एवढंच ठाऊक, की वाजंत्री लागली आणि फेटेवाला पाठीवर बसला की आधी मारुतीच्या दर्शनाला जायचं. नवरदेव तिथेच नेतात. जन्मभर तेच केलं. तो रुबाबात उजव्या गल्लीनं निघाला आणि अख्खी मिरवणूक, डीजे, ट्रॉली, नाचणारे नवरे, त्याच्यामागे वळली. वाटेत ज्या दारात बाई उभी दिसेल तिथे तो थांबे आणि नारळ ओवाळून होईपर्यंत हलत नसे. नारळ कुठून आणायचे? म्हातारे लोक हसून हसून खाली बसायला लागले.

"दत्ताभाऊ, दुसरं लगीन लागतंय का काय!" कुणीतरी ओरडलं.

मारुतीच्या पारावर पोचलो तेव्हा डीजेवाल्याची बॅटरी गार झाली होती. शांतता पसरली आणि एका माणसानं ट्रॉलीकडे बोट दाखवलं. "आजी, ह्यो कोनता राजा?"

मग काय. मी पारावर चढले. पेन्सिलवाली मुलगी पन्नास वर्षं ह्याच श्रोत्यांची वाट बघत होती. मी त्यांना सांगितलं की हा राजा लढायांपेक्षा लढायांची चित्रं जास्त काढून घ्यायचा. लाकडात सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणून राजाचं नावसुद्धा कारागिराला उलटं लिहावं लागायचं. लोक खुश. मी सांगितलं की अशी चित्रं दरबारांना, नगरांना पाठवत, भिंतीवर लावायला, म्हणजे ज्यांनी राजाला कधी बघितलं नाही त्यांनाही वाटावं की तो फार मोठा आहे. "म्हंजी फ्लेक्सच की!" एक जण म्हणाला. "फ्लेक्सच," मी म्हटलं. दत्ताराव घोड्यावरून मान डोलवत होते. त्यांना वाटलं ही त्यांची स्तुती. मी कैद्यांवर आले, तुताऱ्यांवर आले, रथांवर आले. गुडघे दुखत होते पण मी काय बसतेय!

यात्रेच्या शेपटीवर आले, तेव्हा सवयीनं मागे हात दाखवला. "आणि सगळ्यात मागे, आपल्या ह्या बायकांसारख्या..."

मागे, पाराच्या झाडाआड, कुणीच नव्हतं. पाराच्या कडेला, धुळीत, रांगेनं ठेवलेल्या कळश्या तेवढ्या होत्या.

मी वाक्य तिथेच गिळलं. माझ्याशिवाय मागे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. संशयी माणसाचं आयुष्यात एकदा तरी भलं होतं ते असं. मी परत पुढे तोंड केलं, आवाज चढवला, आणि बादशहाच्या सगळ्या घोड्यांची वर्णनं, चिलखतांसकट, सुरू केली.

आम्ही ग्रामपंचायतीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दत्ताराव घोड्यावरून उतरले, फेटा सावरला, दारात गेले, आणि उंबऱ्यावरच थबकले. मी त्यांच्या काखेखालून आत बघितलं.

खुर्चीवर मनीषा बसली होती. पदर खांद्यावर, चष्मा डोळ्यावर. सदस्य बायका रांगेनं बाकावर, आणि निवडून आलेले एकुलते एक पुरुष, म्हातारे सदस्य, ज्यांना नाचायला गुडघे नव्हते. ग्रामसेवक लिहीत होता. सभा वेळेवर सुरू झाली होती. ज्यांची हजेरी लागते ते सगळे हजर होते.

"आगं..." दत्तारावांच्या बसलेल्या घशातून एवढंच निघालं.

मनीषानं वर बघितलं. रागानं नाही, दारात पाहुणा आला की बघतात तसं. "सभा चालू हाय. आत्ताच ठराव झाला, सभेत निवडून आलेल्यांनीच बसायचं. तुमी भायेर बाकड्यावर बसा. पानी प्यालाव का? लई ऊन हाय."

"ठराव कुनी मांडला?" मागून एका नवऱ्यानं विचारलं.

"म्या मांडला," त्याचीच बायको, कौसाबाई, म्हणाली. "आन टाळ्या समद्यांनी वाजिवल्या. तुमच्या मिरवणुकीत ऐकू आल्या न्हाईत."

मला वाटलं, आता आवाज चढणार, खुर्ची ओढली जाणार. दत्ताराव उंबऱ्यात उभे, मागे सगळं गाव. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, फेटा काढला, आणि बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले. मी शेजारी बसले. फेटा मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मावशी, तुमाला ठाव व्हतं?"

"आईची शपथ, नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विश्वास ठेवला नाही. घोडा शेजारी उभा राहून फ्लेक्सची कड चघळत होता.

"त्या बादशहाचं म्होरं काय झालं?"

"फळ्या कोऱ्या राहिल्या," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरच्या फेट्याचा गुलाल झटकला. मग आत बघून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चष्म्यात बरी दिसतीया."

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषानं शिदोरीला धपाटे बांधले. दत्ताराव गोठ्यात होते. घरात कुणी भांडलं नव्हतं, पण कुणी फार बोलतही नव्हतं; हे पुढे कसं जाईल ते मला माहीत नाही, आणि तिलाही नसावं. भाकरी थापताना तिचा हात मात्र नेहमीसारखाच चालत होता.

"घोडा मारुतीकडे जाईल हे ठाऊक होतं तुला."

"समद्या गावाला ठाव हाय. इसरले व्हते सगळे, एवढंच."

"आणि मला बोलतं ठेवलंस."

"तुमाला कुठं ठेवावं लागतं?" ती हसली. मग पिठाच्या बोटानं भिंतीवरच्या तसबिरीकडे दाखवलं. "मावशी, एक इचारू? रोज बघते मी ही. समदे एकाच अंगाला चाललेत, घोड्यामागं. पर ही शेवटची, टोपलंवाली, हिच्या पायापासनं एक वाट फुटलीया. पांढरी. चौकटीच्या भायेर. ती वाट तुमी मुद्दाम काढली व्हती ना?"

मला सर आठवले, सटकलेलं कोरणं आठवलं, आणि त्या दिवशी वर्गात मी रडले होते तेही आठवलं. मी धपाट्यांचं गाठोडं पिशवीत नीट बसवलं.

"मुद्दाम," मी म्हटलं. "फार विचार करून."

मनीषा चुलीपाशी बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिली. डोळे बारीक करून, मान जराशी तिरकी. तशी बघायची माझी आई; तशीच मी बघते. अगदी आमच्याच घराण्यातली.